दिगूकाकाला मी मनापासून काढलं होतं

सुजाता, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले ती भांडायला आले होते. अंगावर पांढरी साडी, हातात मेणबत्त्यांचं पाकीट, आणि डोक्यात नुसता जाळ.

मानखुर्दच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं जिन्यापर्यंत उभी होती. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग एकेकजण उठून तुझ्याबद्दल बोलला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, सुजाता फार मनमिळाऊ. शेजारचे काका म्हणाले, शब्दाची पक्की पोरगी. मला तिथेच हसू फुटायला आलं होतं. शब्दाची पक्की म्हणे. तू एक नंबरची खोटारडी होतीस, आणि हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक आहे असं मी समजून चालले होते. उलटं निघालं. माझ्याशिवाय सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं.

जेवणाच्या वेळी मिलिंद माझ्यासाठी ताट घेऊन आला. तुझा धाकटा भाऊ, पण त्या दिवशी घरातला मोठा माणूस वाटत होता. "नीलाताई, दोन घास तरी खा ना." मी ताट घेतलं नाही. विचारलं, "कधीपासून होतं हे दुखणं?" तो म्हणाला, "गेल्या दिवाळीच्या आधीपासून." मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं कोणी?" तो दारातल्या चपला सरळ लावायला लागला. मग म्हणाला, "ताईने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. नीलाला कळलं की तिच्या हाताला कळतं, म्हणायची. मग चित्रात दिसणार."

माझं डोकंच फिरलं. तुझ्या आईला माहीत, मिलिंदला माहीत, अख्ख्या ऑफिसला माहीत. खालच्या पिठाच्या गिरणीवाल्यालासुद्धा माहीत, कारण तो तुझ्यासाठी नाचणी वेगळी दळून ठेवायचा. आणि मी, जिला तू रोज फोन करून छळायचीस, त्या मला काय माहीत? तर तुला पित्ताचा त्रास आहे. दिवाळी, होळी, चौदा एप्रिलची मिरवणूक, सगळं तू माझ्यासमोर हसत-खेळत पार पाडलंस. मिरवणुकीत नाचली नाहीस तेव्हा पाय मुरगळलाय म्हणालीस. मी वेडी तुला मुलुंडच्या वैद्यांचं तेल आणून दिलं. ते तेल तू लावलंस तरी का गं कुठे?

"तिच्या हाताला कळतं" हे वाक्य मी ओळखते. ते तुझंच आहे आणि ते तू माझ्या तोंडावर दहा वेळा फेकलेलं आहेस. आपला तो नियम त्याच वाक्यावर उभा होता.

नियमाचं नंतर सांगते, आधी आपली ओळख आठवते. घाटकोपरच्या एका क्लासची जीवशास्त्राची पुस्तकं. त्यांत आकृत्या मी काढायचे आणि ऑफिस सांभाळून प्रुफं तू तपासायचीस. माझ्याकडे प्रुफं परत आली, तर मी काढलेल्या मूत्रपिंडाला कोणीतरी पेन्सिलीने डोळे काढलेले, पाठीवर झुलता पडदा लावलेला, आणि खाली लिहिलेलं: "हा वाईट लोकांना गाळतो." मी चिडून फोन केला, हा काय बालिशपणा आहे. तू म्हणालीस, "तुम्हाला सुपरहिरो काढता येतो का, ते बघत होते." मी म्हटलं, येतो. येत नव्हता, पण मी काय कमी आहे?

तिथून खारफुटी जन्माला आली. मानखुर्दची मुलगी, खाडीच्या चिखलात वाढलेली, राग आला की जिच्या पायांतून मुळं फुटतात. मी म्हटलं होतं, उडणारी करूया. तू म्हणालीस, "आपल्याकडे उडायला जागा कुठे आहे? वर सगळ्या वायरी. आपली बाई उडणार नाही, आपली बाई हटणार नाही." ती खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरपुढे नुसती उभी राहायची आणि डंपर हलायचा नाही. चाळिशीला टेकलेल्या दोन बायका कॉमिक काढतात म्हणून लोक हसले. माझी वहिनी अजून हसते. पण दर गुरुवारी इंटरनेटवर एक पान चढायचं आणि शुक्रवारी सकाळी कॉलेजची पोरं विचारायला लागायची, पुढे काय.

पुढे काय, ते मलाही माहीत नसायचं. तोच नियम. सुरुवातीला तू मला अख्खी गोष्ट सांगायचीस. तेव्हा तू सांगितलंस की खारफुटीची शेजारीण चोर निघणार आहे, आणि मी तिचं पहिलंच चित्र काढलं तर लोकांनी खाली लिहिलं, ही बाई चोर आहे, भुवया बघा हिच्या. तू डोक्यावर हात मारून घेतलास. "नीला, तुझ्या हाताच्या पोटात काही राहत नाही. यापुढे तुला एका वेळी एकच पान. पुढचं विचारायचं नाही." मी कबूल केलं. मला त्यात गंमतच वाटली होती.

म्हणून दिगूकाका तसा झाला. तू फक्त एवढंच लिहिलं होतंस: घाटकोपरला जिन्याखाली शिलाई मशीन घेऊन बसणारा म्हातारा, खारफुटीचा मुखवटा शिवतो, तिचं खरं नाव माहीत असलेला एकमेव माणूस. चेहरा तू माझ्यावर सोडलास. मी त्याला माझ्या बाबांचे डोळे दिले. बाबांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि हे डोळे बाबांचे आहेत, ते तुला मी सांगितलंही होतं. तू म्हणालीस, छान, मग तो मालवणी बोलू दे. त्याचं पहिलंच वाक्य तू माझ्या आईला विचारून लिहिलंस: "काय गो चेडवा, परत फाडून इलंस?" माझी आई ते पान उघडून किती वेळ बसली होती, तेही तुला सांगितलं होतं मी.

कितीतरी पानं मी तो म्हातारा काढला. चष्मा कपाळावर चढवलेला, तोंडात दोरा, सुईच्या भोकाकडे बघताना एक डोळा बारीक. खारफुटी जखमी होऊन यायची आणि त्या स्टुलावर बसायची, तेव्हा वाचणाऱ्यांनाही हायसं वाटायचं. मला तर वाटायचंच.

आणि दिवाळीनंतरच्या एका सोमवारी तू ते पान पाठवलंस. दिगूकाका अंधेरीला, खाडीत भराव टाकणाऱ्या शेठच्या ऑफिसात जातो, टेबलावर मुखवटा ठेवतो आणि खारफुटीचं नाव सांगतो. नाव, आडनाव, खोली नंबर. बदल्यात त्याला नव्या टॉवरमध्ये गाळा मिळणार. मी तुला फोन लावला. "हे काय आहे?" तू म्हणालीस, "पान आहे." "सुजाता, ते बाबांचे डोळे आहेत." तू म्हणालीस, "माहितेय. डोळे बदलू नकोस हां. तसेच प्रेमळ ठेव." मी फोन आपटला. तुझ्या दगडी काळजाला मी त्या दिवशी मालवणीतून ज्या शिव्या घातल्या त्या आईने आतून ऐकल्या. पण पान मी काढलं. डोळे तसेच ठेवले. वाचणारे गार पडले.

ते पान आपलं सगळ्यात चांगलं पान होतं, हे मी तुला कधी बोलले नाही. आत्ता बोलतेय, तर ऐकायला तू नाहीस. हाही तुझाच उपद्व्याप.

अंधेरीच्या त्या कॉमिकवाल्यांच्या मेळ्यात एक मुलगी आपल्या टेबलापाशी आली होती, आठवते? मोठा चष्मा, पाठीवर सॅक. आपण छापून ठेवलेलं पुस्तक तिने हातात घेतलं नाही. मला सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, तो असं करणार म्हणून?" मी म्हटलं, नव्हतं गं. ती म्हणाली, "तुम्हीच काढता ना त्याला? मग माहीत नसेल कसं?" आणि गेली. तुला ते फार आवडलं. तू चहा पिताना म्हणालीस, बघ, तिला शेठचा राग नाही आला, डंपरवाल्यांचा नाही, दिगूचाच आला. शत्रूने मारलं तर कोणी एवढं मनाला लावून घेत नाही. मला मात्र त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोरून जाता जाईना. ती मला दिगूकाकाच्या बाजूची समजून गेली होती.

मग जुहूचं भांडण. होळीच्या सुमारास आपण वाळूत चटई टाकून बसलो होतो. मी शेवपुरीची दुसरी प्लेट घेतली, तू एकही पुरी उचलली नाहीस. पित्त. मी तावातावाने सांगत होते की सुपरहिरोंच्या गोष्टींनी विश्वासघात स्वस्त करून ठेवलाय. जिवलग मित्र पाठीत सुरा खुपसतो, शहर अर्धं पडतं, आणि पुढच्या सिनेमात दोघं खांद्याला खांदा लावून तिसऱ्याला बडवतायत. विश्वास म्हणजे काय मोबाइलचा रिचार्ज आहे, संपला की पुन्हा मारला? तू वाळूत काडीने रेघोट्या ओढत होतीस. म्हणालीस, "पण दिगूने मुखवटा शिवला तेव्हा नीट शिवला ना? टाका खोटा होता का?"

"आता झाला खोटा," मी म्हटलं. "ज्या दिवशी त्याने नाव सांगितलं, त्या दिवशी मागचे सगळे टाके उसवले. मी काढलेली सगळी पानं खोटी पडली. आता ती उघडली की मला फक्त दिसतं की हा म्हातारा हसतोय आणि हा तिला विकणार आहे."

"तेव्हा तो विकणार नव्हता. तेव्हा तो शिवतच होता. माणूस पहिल्या पानापासून फितूर नसतो गं."

"मग सुपरहिरो तरी काय वेगळे?" मी आणखी चिडले. "आईला सांगतात ऑफिसात आहे, मित्राला सांगतात ताप आहे, आणि जातात मरायला. जवळच्या माणसाला अंधारात ठेवतात आणि वर त्याला काळजी म्हणतात. कोणाची काळजी? स्वतःची. समोरच्याचा चेहरा बघायला लागू नये म्हणून."

तू काडी मोडलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "असेल बाबा. चल, गार वारा सुटलाय." एरवी तू हरल्याशिवाय वाद सोडायची नाहीस, आणि हरायचीही नाहीस. मला वाटलं, आज मी जिंकले. रिक्षात मी एवढी खूश होते की तुला दोनदा टोमणा मारला. काय वाटलं असेल गं तुला? एक शब्द बोलायचा होतास. तिथल्या तिथे मला गप्प करता आलं असतं.

मेच्या शेवटी तू शेवटचं पान पाठवलंस. शेठ हरलेला, टॉवर अर्धवट उभा, दिगूकाकाला गाळा मिळालाच नाही, तो पुन्हा जिन्याखाली. खारफुटी फाटलेला मुखवटा घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहते आणि त्यालाच शिवायला देते. शेवटच्या चौकटीत तिच्या तोंडचा फुगा रिकामा. त्यात तू लिहिलं होतंस, "संवाद नंतर देते." मी वाचलं आणि तुला सांगून टाकलं की हे मी काढणार नाही. त्याने तिचं नाव विकलं आणि ही परत त्याच्याच सुईखाली मान देणार? दुसरी चित्रकार बघ. तू म्हणालीस, "तूच काढशील." मी म्हटलं, वाट बघ. तू म्हणालीस, "बरं. मी पंधरा दिवस कोल्हापूरला ट्रेनिंगला जातेय, फोन लागेलच असं नाही." मी रागातसुद्धा म्हटलं, जातेच आहेस तर मला चपला आण. तू विचारलंस, "कितवा नंबर?" मी म्हटलं, सहा.

हॉस्पिटलातून विचारलंस तू ते, सुजाता. कितवा नंबर म्हणून. आदल्या दिवशीच तुला ॲडमिट केलं होतं, हे मिलिंदने रविवारी सांगितलं. तेव्हापासून मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. एखाद्या माणसाने खोटं बोलावं तर किती सफाईने.

आता माझी काय वाट लागली आहे बघ. मी हे मागचं सगळं एकेक करून उलटून बघतेय. डोक्याला स्कार्फ होता, तेव्हा मेंदी लावलीय म्हणालीस. व्हिडिओ बंद, तेव्हा नेट नाही. जुहूला खरंच गार वारा होता, की तुला बसवत नव्हतं? माझ्या वाढदिवसाला पोट धरून हसलीस, ते हसू होतं की दुखत होतं? माझंच म्हणणं धरायचं तर हे अख्खं वर्ष खोटं. सगळी पानं फाडून टाकायची. आणि ती फाडली तर माझ्याकडे तुझं उरतं काय? मग मला ती ठेवायची असतील, तर तुझं म्हणणं मान्य करावं लागतं. टाका खरा होता म्हणावं लागतं. वाद अर्धवट सोडून गेलीस आणि अशा ठिकाणी सोडलास की मी कुठूनही गेले तरी तूच बरोबर. हे बरोबर नाही. हा चीटिंगचा डाव आहे.

रविवारी मिलिंद मला रिक्षापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "नीलाताई, रागावू नका. घरात सगळे ताईशी हळू बोलायला लागले होते. आई तर कुजबुजायचीच. ताईला त्याचा वीट यायचा. तुमचा फोन आला की ती उठून बसायची, ओरडायची तुमच्यावर. तेवढा वेळ घर पहिल्यासारखं वाटायचं आम्हाला." आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगू, माझा राग तसूभर कमी झाला नाही. तुला भांडायला कोणीतरी हवं होतं, मी मिळाले. चांगलं झालं. मनापासून सांगते, तुझ्या कामी आले याचा आनंद आहे. पण मला कोणी विचारलं? मला सांगून बघायचं होतंस. मी तरीही भांडले असते. रडत भांडले असते, पण आवाज खाली केला नसता. एवढीही ओळख नव्हती माझी तुला?

तू मला मूत्रपिंडांतून बाहेर काढलंस, हे मी विसरलेले नाही. तुझ्याआधी मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत नावाशिवाय आकृत्या काढल्या. तू पहिल्या पानावर माझं नाव तुझ्या नावाच्या आधी टाकलंस आणि म्हणालीस, आधी चित्र दिसतं, मग कोणी वाचतं. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या सगळ्यांनी मला धीर धर म्हणून सांगितलं. तू एकटीने विचारलंस, ते चिडायचे कसे. असं विचारणाऱ्या माणसावर चिडायचं म्हणजे किती कठीण असतं, तुला कळत नाही.

काल मी बसले आणि ते पान काढलं. होय, काढलं. तू म्हणाली होतीस तसंच झालं, घे. जिन्याखालची जागा, मशीन, स्टूल. दिगूकाकाचे डोळे मी बदलले नाहीत. खारफुटीचे बदलले. माफ केल्याचे डोळे हवे असतील तुला कदाचित, पण ते माझ्याकडे नाहीत, म्हणून माझे जे आहेत ते काढले. ती रागातच आहे. मुखवटा पुढे करणारा तिचा हातही सरळ नाही, आखडलेला आहे.

मग राहिला तो फुगा. शब्द लिहिणं तुझं काम, मी आजवर एक अक्षर लिहिलं नाही. सकाळपर्यंत मी तुझी वाट बघितल्यासारखी त्या पांढऱ्या जागेकडे बघत होते. शेवटी मीच लिहिलं: "शिवा. पण मी इथून हलणार नाही. शिवून होईपर्यंत इथेच बसून बघणार."

तुला हे वाक्य फार साधं वाटलं असतं, आणि तू दोन शब्द कापले असतेस. मला दुसरं सुचलं नाही. कारण एवढंच होतं गं माझं म्हणणं. मी तुला बरी करणार नव्हते, धीर देणार नव्हते, शहाणपण शिकवणार नव्हते. मला फक्त तुझ्या उशाशी एक स्टूल हवं होतं.